आतला पॅड

अँगलसी बेटाच्या पश्चिम टोकाला
ट्रॅकचं डांबर थेट समुद्राकडे धावतं
आणि अगदी कडेला पोहोचून विचार बदलतं.
इथले लोक त्या वळणाला सावकार म्हणतात.
सरळ रस्त्यावर उधळलेला वेग
तो व्याजासकट मोजून घेतो.

शनिवार, साडेतीन.
मेंढ्या कुंपणाला पाठ लावून उभ्या, वारा खारट.
पिट लेनमध्ये सहा गाड्या, बॉनेट उघडी,
इंजिनं टिकटिक करत निवताहेत.
आणि तो वास.
झिजणं म्हटलं की आपल्याला चंदन आठवतं;
इथं वास करपलेल्या राळेचा,
जळक्या केसांचा, थोडा लोखंडाचा.
चाकांवर काळी पूड. बोट टेकलं
तर अंगठा उठवल्यासारखा ठसा.

मेरेरिद गाडीशी बोलत नाही,
मालकाशी तर त्याहून कमी.
गुडघ्याखाली जुनी उशी, दातांत टॉर्च.
वीस वर्षं हेच बघते: कोण किती झिजलं.
"धीट माणसाचे पॅड टिकतात," एकदा म्हणाली होती,
"तो उशिरा दाबतो, जोरात दाबतो, आणि सोडतो.
भित्रा लवकर दाबतो
आणि पाय उचलायचं विसरतो.
तापतं ते त्या न उचललेल्या पायानं."

गेथिन, बँगोरचा दातांचा डॉक्टर.
पिवळी गाडी, दोनच सीट, अकरा वर्षं जुनी.
पॅड सकाळी कोरे होते, अकरा मिलिमीटर.
"स्पोकमधून दिसतायत की," तो म्हणतो,
"चिक्कार आहेत. सहा तरी."
"बाहेरचा सहा,"
मेरेरिद म्हणते, आणि चाक उतरवते.

पाच नट. चाक गवतावर आडवं.
कॅलिपरची पिन गंजून अडकलेली:
खारी हवा, शिवाय दोन हिवाळे
गाडी चादरीखाली नुसती उभी.
कॅलिपर सरकत नाही,
मग सगळा भार पिस्टनकडचा पॅड
एकटाच घेत राहतो.
ती व्हर्नियर लावते. एक पूर्णांक आठ.
एका टोकाला त्याहून कमी,
न्हाणीत साबणाची चिपटी उरते ना, तशी.

गेथिन वाकून बघतो.
जन्मभर लोकांच्या तोंडात असंच बघितलं,
वरून शुभ्र दात, आत पोखरलेला.
"पण दुखत तर नव्हतं," म्हणतात पेशंट,
आणि तो सवयीनं मान हलवतो.
आता तो म्हणतो,
"पण पेडल तर घट्ट होतं."

शेवटची फेरी चारला. वीस मिनिटांची.
"निम्म्या वेगानं गेलो तर?"
मेरेरिद उत्तर देत नाही.
पॅड चिंधीत धरून त्याच्या तळहातावर ठेवते.
अजून गरम. तो या हातातून त्या हातात घेतो,
पुन्हा या हातात.
टाकत नाही.

भिंतीशी दोन घडीच्या खुर्च्या. एक उघडलेली.
दुसरीची दोरी सकाळपासून तशीच बांधलेली.
तिच्यात एलिनेद बसायची, गळ्यात स्टॉपवॉच,
पेन्सिलीनं वेळ लिहायची, आणि त्याला
नेहमी एक सेकंद कमी सांगायची.
तो हिशेब त्याला वह्या चाळताना
मागच्या मार्चात लागला.

मेरेरिद हात पुसते. बोटांच्या रेषांतलं काळं निघत नाही.
ती दोरी सोडते, खुर्ची उघडते,
विचारतसुद्धा नाही, बसते.
"चहा आहे का थर्मासमध्ये?"

चार वाजता बाकीचे सुटतात.
इथून वळण दिसत नाही, ऐकू येतं फक्त.
"लवकर," ती म्हणते, निळ्या गाडीला.
"हाही लवकर."
मग एक जण, कोण कुणास ठाऊक,
इतका उशीर करतो की मेंढ्या माना वळवतात.
"हा," ती म्हणते, आणि कप पुढे करते.

गेथिन ओततो. सांडत नाही.
फक्त उजवा पाय
टाचेपासून बोटांपर्यंत
गवतात रुतलेला.