पाऊण लिटर

पहाटे चार चाळीसला पाणी यायचं कन्नमवार नगरात.
आधी नळ खाकरायचा, मग आई उठायची,
की आई आधी आणि नळ तिच्या मागोमाग,
ते काही मला कळलं नाही.
पिंप, दोन कळशा, मोरीतली बादली,
वर समोरच्या लुल्लेबाईंची घागर, त्यांच्या गुडघ्यांपायी.
सगळं उजव्या हाताने, तांब्या-तांब्याने.
एवढं भरून झालं की
ती स्वतःसाठी मोजून काढायची पाऊण लिटर.
त्यातच चहा, त्यातच गोळ्या,
आमटीतलं पाणीही त्यातच धरायचं.

डावा हात राखीव होता.
धमनी शिरेला जोडलेली, कोपराच्या जरा खाली.
त्या हाताने उचलायचं नाही,
त्या हातात बांगडी नाही, तो उशाला घ्यायचा नाही.
मी मात्र कान लावून पडायचे त्यावर.
आत घर्रघर्र चालू असायची,
कुणी लांबच्या खोलीत शिवणयंत्र चालवावं तशी.
"झोपला का गं मोटारवाला?"
"नाही, चालूय."
"मग तू झोप."

मंगळवार, गुरुवार, शनिवार. घाटकोपर. चौथी खुर्ची.
तिसरीत मोमीनचाचा, पाचवीत पिल्लेमॅडम.
चार तास रक्त बाहेर फिरून यायचं
आणि ही तिघं बोलायची ती फक्त पिण्याचं.
चाचा कलिंगडाचं, मॅडम शहाळ्याचं,
आई देवरुखकडच्या विहिरीचं,
पोहऱ्याला तोंड लावलं की पोलकं भिजायचं त्याचं.
"पुरे," ब्रदर विल्फ्रेड ओरडायचा,
"ऐकूनच वजन वाढेल तुमचं!"
एका गुरुवारी तिसऱ्या खुर्चीत कुणी नवीनच माणूस होता.
आईने आपणहून कलिंगडाचा विषय काढला.

मे महिना होता, मी अकरा वर्षांची.
रात्री फ्रिजचा उजेड दिसला म्हणून उठले.
बर्फाचा ट्रे मांडीत घेऊन ती जमिनीवर बसली होती,
गालात खडा, हनुवटीवरून ओघळ.
"सांगशील?" एवढंच म्हणाली.
मी सांगितलं. बाबांना, मग विल्फ्रेडलाही.
खरं बोलण्याचं वय होतं माझं.
काट्यावर साडेतीन किलो जास्त भरले.
ती मला रागावली नाही.
दुसऱ्या दिवशीपासून ट्रे उपडा घातलेला असायचा भांड्यांत.
घरी सरबत करायचं आम्ही विसरून गेलो.

शेवटी कुणीतरी म्हणालं, तोंडात पाणी घाला.
मी चमचा भरला आणि थांबले.
आजचं किती झालं, ते आठवेना.
"घाल गं," आत्या म्हणाली, "आता कसला हिशेब."
स्मशानात दादाच्या खांद्यावरचं मडकं
पहिल्या फेरीला एका भोकाने गळत होतं, मग दोन, मग तीन.
पाणी तिच्या भोवतीने वाहत राहिलं
आणि कुणी म्हणजे कुणी मोजलं नाही.

वजनांची वही माझ्याकडे आहे.
अकरा वर्षं, सुईआधीचं एक, सुईनंतरचं एक.
अक्षर पुढेपुढे मोठं होत गेलंय, डोळ्यांमुळे.
मधेच दुधाचे पैसे, मधेच माझे परीक्षेचे मार्क,
आणि शेवटच्या पानावर:
'चोणकर टेलर. ब्लाउज दोन. बाकी साठ.'

गेले मी, दीड वर्षाने. दुकान होतं.
चोणकरांनी फळीवरून पुडकं काढलं, धूळ झटकली.
"शालनताईंचं ना? डावी बाही बघा,
आतून हूक लावलेत, उघडली की पूर्ण हात मोकळा.
दर वेळी तसंच शिवायचो."
साठ रुपये घेईनात.
मी ठेवलेच काउंटरवर.
त्यांनी माठातलं पाणी पुढे केलं, ऊन फार होतं.
मी पेला पूर्ण प्याले
आणि अजून मागितलं.