गळतीचा रकाना

मंगळवारी रात्री दोन दहा ते तीन पस्तीस,
एवढं पाणी आमचं होतं.
कुलाबा क्रमांक सात, शेपटाकडचा.
बाबांचं गजराचं घड्याळ त्याच वेळेला लावलेलं असे.
ते गेल्यावरही तीन महिने वाजत राहिलं,
कारण बंद कसं करायचं कुणालाच माहीत नव्हतं.

दारं धरताना ते कालव्याच्या अमीनाशी हिंदीत भांडत,
पाण्याशी मात्र मराठीत बोलत:
इकडून ये बाई, इकडून.
डबऱ्याकडच्या त्या शिवारात
मराठी समजणारं तेवढंच एक.

आता तिथे शीतगृह आहे. बटाटे झोपतात.
बोअर चारशे फूट, मीटरला लाल दिवा.
नरहरच्या नावे खात्याचं पत्र आलं:
जमिनीच्या पोटातून ओढलं की नदी बारीक होते,
तेवढं तुम्ही नदीचं देणं लागता.
कालव्यातली जुनी पाळी असल्यास
वळती करून भरपाई दाखवता येईल.

वळती. किती ओळखीचा शब्द.
फावड्याच्या एका घावात बाबा करत.

थाटीपूरच्या कचेरीत भदौरिया मॅडम,
वय तीस असेल, कॅल्क्युलेटरवर नेलपेंटचा डाग.
म्हणाल्या, एक तास पंचवीस मिनिटं
अख्खी नाही मिळणार तुम्हाला.
गव्हानं जेवढं प्यायलं तेवढंच मोजायचं,
शंभरातलं पंचावन्न.
बाकीचं वाटेत मुरलं, ते जमिनीलाच गेलेलं.
जमिनीचंच जमिनीला दाखवून
फेड कशी होईल?

बरोबर आहे. मी मान डोलावली.
हिशेब इतका सरळ
की राग धरायला कुठे जागाच नाही.

फक्त परतताना, टेम्पोत दोघींच्या मध्ये अडकून बसल्यावर,
ते पंचेचाळीस मला दिसायला लागले.
पाटाच्या वळणावरचा पेरू, कुणी न लावलेला.
पन्नाबाई बाथमची विहीर,
भर जेठातही जिचा दोर ओला.
ती म्हणायची, तुमचं मंगळवारचं
माझ्याकडे शुक्रवारी येतं.
बाबा हसत.
घुशीनं पोखरलेलं एक भोक तर त्यांनी
मुद्दाम बुजवलं नाही, असं आई म्हणे.
मी कधी नीट विचारलं नाही.

नवी योजना अशी:
आमचं पंचावन्न वरच, मुखाशी थांबेल,
तिथूनच नदीत सुटेल,
कागदावर बटाट्यांचं पाणी फिटेल.
खालचा पाट कोरडा,
म्हणजे पंचेचाळीस गळणारच नाही.
तूट वाचली, असं त्याला म्हणतात.

सोमवारी परत गेले.
फॉर्मवर रकाना अकरा: वहनातील गळती, कोणास लाभ.
सगळे तिथे आडवी रेघ मारतात.
मी पन्नाबाईचं नाव लिहिलं.
खाली लिहिलं, एक पेरू.

भदौरिया मॅडमनी पेन उचललं, परत ठेवलं.
विहिरीची नोंद आहे?
नाही.
मग पाहणी करावी लागेल. तोवर फाइल इथेच.
उन्हाळ्यात येईन, त्या म्हणाल्या,
पाणी कुठे आहे ते उन्हाळ्यातच कळतं.
पेरूबद्दल काही बोलल्या नाहीत,
पण खोडलाही नाही.

नरहर फोनवर ओरडला.
दंड दिवसाचा आहे, तुला कळतंय का?
कळतंय.

आज मंगळवार. दोन दहा होऊन गेले.
लष्करातली ही गल्ली, शेजारच्या गच्चीवर
कुणाची तरी टाकी भरून वाहतेय.
मोटार बंद करायला कुणी उठत नाही.
पाणी पायरी पायरीनं खाली येतंय,
गटाराच्या कडेला पिंपळाचं वीतभर रोप आहे,
तिथे जरा थांबतंय.