दोन सी.एल.

घरी सांगितलं, ट्रेनिंग आहे.
तसं अगदी खोटंही नव्हतं,
शैला म्हणाली, 'बसून जेवायचं ट्रेनिंग.'
बार्शी डेपोची पहाटेची गाडी,
स्वारगेटला उतरलो तेव्हा अकरा वाजलेले
आणि हात रिकामे,
ना केसपेपर, ना सलाईन, ना कुणाचं रडतं बाळ.

मिसळ आली ती वाफाळत.
सत्तावीस वर्षं गारढोण डबा खाल्लेला,
अर्धी पोळी आत्ता,
अर्धी नऊ नंबरला डोळा लागल्यावर.
शैलाची जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं.
'तर्रीनं गं,' म्हणाली.
मी अजून एक पाव मागवला.

मग चालत सुटलो.
शुक्रवारातून निघालो, बुधवारात चुकलो,
रविवारात पोचलो तरी वार आपला गुरुवारच.
आमचा आठवडा भिंतीवरच्या तक्त्यात राहतो,
लाल शाईत नाइट, निळ्यात डे,
खाडाखोड दिसली की मेट्रनबाई चिडतात.
इथं तो पायाखालून गेला, उलटासुलटा,
कुणाची सही न घेता.
बोहरी आळीत दोरखंड, कुलपं, चाळण्या,
आणि समोरासमोर अडकलेल्या दोन हातगाड्या;
मालक भांडत होते, पण काय शुद्ध!
एकानेही 'आपण' सोडलं नाही.

एक वाजता शटरं खाली आली.
लोक हसतात म्हणे या गावाला.
मला हेवा वाटला.
एवढं मोठं शहर
अॅडमिट न होता आडवं होतंय.
बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही भाकरवडी खाल्ली
आणि हळू आवाजात बोललो,
वॉर्ड झोपला की बोलतो तसं.

तांबट आळी आधी ऐकू आली, मग दिसली.
शैलानं घड्याळ पाहिलं, स्वतःचं मनगट धरलं:
'बहात्तर. नॉर्मल आहे.'
आत एक म्हातारा पत्र्याला पोट आणत होता,
ठोका, जरा फिरवायचं, ठोका.
मधेच हातोडी ठेवून तो चहा घ्यायला उठला
आणि आम्ही दोघी दचकून उभ्या राहिलो.
सगळ्यात लहान लोटी घेतली,
बहुधा त्या दचकण्यापायीच.

संध्याकाळी कॅम्पात, पांढऱ्या टेबलक्लॉथवर,
आल्फ्रेड नावाच्या वेटरनं विचारलं, रेड की व्हाइट?
'जी पचेल ती,' शैला म्हणाली.
ग्लास उजेडाला धरला. तो रंग.
दोघींना एकच काहीतरी आठवलं,
दोघींनी ते टेबलाखाली सारलं.
वास घेतला. स्पिरिट नाही;
मनुका, आणि बंद कपाटातलं थोडं लाकूड.
पहिला घोट तुरट,
जांभूळ संपल्यावरही बी चोखत राहावी तसा.
दुसरा बरा.
तिसऱ्याला शैलानं भानुदास कंपाउंडरचं नाव काढलं,
आजवर कधी न काढलेलं.
नाशकाहून द्राक्षं आणली होती त्यानं एकदा,
पुडीत बांधून, औषधासारखी.
'खाल्लीस?'
'पेशंटला दिली.'
मी काहीच बोलले नाही.
ती मान वळवून म्हणाली,
'आल्फ्रेड, अजून तीस एम.एल. मिळेल?'
त्यानं ओतली. माप नाही पाहिलं.

लॉजवर रात्री दोनला जाग आली,
राउंडची वेळ.
पलीकडे तीही जागीच.
नव्या लोटीतलं पाणी प्यायलो आळीपाळीनं,
तांब्याची चव, खाली कुठंतरी द्राक्षाची.
खिडकीबाहेर एक कुत्रं, एक रिक्षा,
मग तेही नाही.
बराच वेळ कान देऊन पडलो;
कुणी बेल वाजवली नाही.
'झोप आता,' शैला म्हणाली,
'सकाळी खरवसाचं लेक्चर आहे.'