गरम दाब

रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवा, सकाळी बघा,
असं गुलाबभाई तांबोळी फोनवर म्हणाले.
तर मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा,
आणि त्यावर तीन सकाळी, तीन डाग.
पहिला रुपयाएवढा, दुसराही तेवढाच,
तिसरा बशीएवढा;
आदल्या दिवशी मी कात्रजचा घाट चढून आलो होतो.
तो पुठ्ठा घेऊन नाना पेठेत गेलो,
एक्स-रे न्यावा तसा, वाकू न देता.

त्यांनी डाग चोळला दोन बोटांत, वास घेतला.
"इंजिनचंच. गिअरचं असतं तर
तुम्ही रिक्षात नाक धरून बसला असतात."

शहाऐंशी सालची पद्मिनी, मूळची पांढरी.
मी म्हटलं, मागचं सील गेलंय, सगळे म्हणतात,
बेल हाऊसिंगखाली ठिबकतंय,
म्हणजे आता इंजिन उतरवणं आलं.
सगळे म्हणजे कोण, ते त्यांनी विचारलं नाही.
दिग्याला म्हणाले, डिझेल आण, ब्रश आण.

"साहेब, तेल जिथं टपकतं
तिथून ते निघालेलं नसतं.
वरून निघतं, कडेकडेनं उतरतं,
वारा त्याला मागं ढकलतो,
आणि सगळ्यात खालचा नट बदनाम होतो."

तासभर घासलं.
पस्तीस वर्षांची काळी साय निघाली, खाली लोखंड होतं.
मग दिग्यानं अंगाला लावायच्या पावडरचा
अख्खा डबा शिंपडला,
इंजिन कॅरमच्या बोर्डासारखं दिसू लागलं.
पूलगेट, घोरपडी, परत.
बॉनेट उघडलं तर टॅपेट कव्हरच्या एका कोपऱ्यातून
मुंगीच्या वाटेसारखी एक ओली रेघ,
आणि दुसरी, ऑईल स्विचच्या मुळाशी.
मागचं सील कोरडं ठाक.
मला इतकं हलकं वाटलं की
मी दिग्याला चहा आणि क्रीमरोल सांगितला.

"आणि तो लाल दिवा?" गुलाबभाई म्हणाले.

तो सिग्नलला उभं राहिलं की लागतो,
थोडा रेस दिला की जातो.
स्विचच गळका, तर दिवाही त्याचाच चाळा, नाही का?
"असेल. विचारू या."
स्विच काढून त्यांनी तिथं तांब्याची नळी बसवली,
नळीच्या टोकाला घड्याळाएवढा काटा.
साठ.
मी टाळी वाजवणार होतो.
"गार असताना सगळेच साठ दाखवतात," ते म्हणाले,
आणि स्टूल ओढून बसले.

वीस मिनिटं.
काटा उतरत गेला, कुणी बघत नसल्यासारखा.
चाळीस. पंचवीस. अकरा.
आठवर थांबला, आणि तिथंच थरथरत राहिला.
आतून बारीक टकटक येऊ लागली.
"बेअरिंगं झिजलीत. तेलाला धरायला जागाच उरली नाही.
दिवा खरं बोलत होता."

तेव्हा मी त्यांना सांगितलं, आवाज खाली घेऊन,
की उद्या धायरीचा एक मुलगा येतोय, निहार पासलकर,
लग्नाआधीचे फोटो काढतो, त्याला जुनी गाडी हवीय,
आणि पैसे त्यानं कर्जाऊ उभे केलेत.
घट्ट तेल घातलं तर...

"विझेल," ते म्हणाले.
"महिना, दीड महिना विझेल."
आणि एकेक बोट वेगळं धरून चिंधीनं पुसत राहिले.
रागावले असते तर बरं झालं असतं.

बिलावर कॉर्क, स्विच, मजुरी.
पावडरचे पैसे लावले नाहीत.
सगळ्यात खाली, रकमेच्या रकान्यात काहीच न लिहिता:
गरम दाब, आठ पौंड.

आज पुठ्ठा कोरा आहे.
तो साडेदहाला येतो म्हणालाय.
मी साडेनऊपासून गाडी चालू करून ठेवलीय, जागेवरच.
वरच्या मजल्यावरच्या डेंगळेबाई
दोनदा गॅलरीत येऊन धुराबद्दल बोलून गेल्या.
मी म्हटलं, थोडा वेळ, काकू.
तो येईपर्यंत तापली पाहिजे.