आकडी

रुवीच्या मागच्या गल्लीत, गळ आणि जाळी विकणाऱ्या दुकानात
दाद करीमने काचेवर हिरवं कापड पसरलं
आणि तीन चाकू मांडले, मिटलेले,
शिंपल्यांसारखे.
हातात एकही दिला नाही.
आमच्याकडेही तसंच, मी म्हटलं,
सुरी हातातून हातात गेली की भांडण लागतं.
तो बलुची, मी गुहागरकडचा.
भांडायला वेळ दोघांनाही नव्हता.

सोहारला केबल जोडतो मी, एकोणीस वर्षं.
कंपनी देते तो पिवळा कटर,
त्याचं पातं बिस्किटासारखं मोडायचं,
बोथट झालं की मोड, मोड की पुढचा तुकडा.
एकदा तरी खिशात असं काही असावं
जे मोडण्यासाठी केलेलं नाही.

पहिल्याची मूठ टायटॅनियमची, राखाडी, गार.
उघडताना असा खटका वाजला
की दुकानातल्या मांजराने मान वर केली.
किंमत ऐकून मीही केली.

दुसऱ्याचं पोलाद फार कडक.
वर्षभर धार जाणार नाही, दाद करीम म्हणाला,
आणि गेली की तुला आणता येणार नाही,
तसला दगड माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही.
हे तो विकण्यासाठी बोलला
की न विकण्यासाठी, अजून कळलेलं नाही.

तिसरा दिसायला साधा.
कापडाचे थर राळेत दाबून केलेली मूठ,
तळहात ओला असला की जास्तच धरून राहते.
ऑगस्टात सोहारला तळहात ओलाच असतो.
पातं तर्जनीएवढं. अंगठ्याने उघडला, मिटला, उघडला.
हलवून पाहिलं. बिजागरीत खेळ नाही.
कागद मागितला, त्याने जुनं बिल दिलं,
ते आवाज न करता दोन झालं:
कुणाचं तरी देणं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

तेवढ्यात एक म्हातारा ओमानी आत आला.
ईद जवळ आलेली, कमरेला चांदीचा खंजीर.
त्याने माझ्या हातातलं पाहिलं, मी त्याच्या कमरेचं.
त्याचा बहुतेक कधी म्यानाबाहेर येत नसावा.
माझ्याला म्यानच नाही,
तो स्वतःतच मिटतो.

मग क्लिप. खिशाला अडकवून दोन पावलं चाललो,
आणि तो एवढासा भार कमरेला लागला
तसे बाबा आठवले.
माडावर चढायचे ते.
पाठीमागे कण्याच्या जरा खाली आकडी, आकडीत कोयता,
लाकूड घामाने काळं आणि गुळगुळीत.
एका लग्नात तसेच गेले, सोडायचं विसरून.
कुणी हसलं नाही,
निम्म्या मांडवाच्या कमरेला ती होतीच.
मला पोचवायला विमानतळावर आले
तेव्हा दारावरच्या शिपायाने काढायला लावली.
काचेपलीकडून दिसत होतं,
त्यांचा हात सारखा पाठीमागे जात होता.

बासष्ट रियाल.
घरचा महिन्याचा किराणा, वर गॅस.
दाद करीम म्हणाला, पंचावन्न,
आणि मांजराकडे बघत राहिला.
मी पैसे काचेवर ठेवले. त्याने चाकू काचेवर ठेवला.
ज्याचं त्याने उचललं.

खोलीवर तंगराज म्हणाला, एवढ्याचं काय कापणार?
खरंच, पहिलं काय कापावं?
लिंबू काढलं, परत ठेवलं.
शेवटी त्याच्याच चौशाच्या खोक्याची नायलॉनची पट्टी,
तिने विरोधसुद्धा केला नाही.
आंबा मात्र तंगराजने दातांनीच सोलला.

रात्री दिवा मालवताना
माझा हात कमरेमागे गेला,
कण्याच्या जरा खाली.
उजव्या खिशात आहे, मी त्याला सांगितलं, उजव्या,
पँट खुंटीला आहे.
हाताला पटलं नाही.