सभासद क्रमांक ६१८

वर्गणी ऐंशी रुपये, अनामत तीनशे,
आणि भिंतीवर पाटी: पुस्तकात काही लिहू नये.
पाटी मीच रंगवली आहे.
सभासद ६१८, कु. नलिनी त्रिलोकेकर, टेलिफोन खात्यातून निवृत्त,
ती पाटी चष्मा पुसून वाचतात
आणि घरी जाऊन पेन्सिलीला टोक काढतात.

माझं काम खोडायचं.
दुपारी दोन ते चार माहीमची ही गल्ली पेंगते,
खाडीच्या वाऱ्याने पानं फुगतात,
मी खोडरबर घेऊन बसतो
आणि आधी वाचतो.

रहस्यकथेत, पान एकोणीस: "माळी. पैज?"
(माळीच निघाला. तेव्हापासून रहस्यकथा
मी बाईंच्या आधी घरी नेतो.)
ऐतिहासिक कादंबरीत घोडा
एका रात्रीत तीन घाट चढतो:
"पाणी कोणी पाजलं त्याला?"
प्रेमकथेतला डॉक्टर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर
दीड पान बोलतो, एका दमात.
समासात एवढंच: "भरती होती. भिजला असता."
भयकथेला मात्र दोनदा "शाबास",
एकदा "आज दिवा चालू ठेवला".

नटाच्या आत्मचरित्रावर बाई तुटून पडल्या.
"पहिल्या बायकोला अर्धं पान, फियाटला चार!"
कारखानदाराच्या आठवणींत "घाम कोणाचा?"
आणि पुढे शिशाचं टोक, मोडून कागदात रुतलेलं.
चिमट्याने काढावं लागलं.

काउंटरवर लोक विचारतात, हे कसं आहे हो?
मी सांगतो, घोडा जरा जास्तच पळतो.
लोक माना डोलावतात.
बारा वर्षं मी असा जाणकार आहे,
उधारीवर.

दिवाळीच्या तोंडावर त्यांनी एका नर्सच्या आठवणी नेल्या.
पातळ पुस्तक, पदरमोड करून छापलेलं,
मुखपृष्ठावर पासपोर्टचा फोटो.
सव्वीस दिवस ठेवलं. दंड अकरा रुपये, सुटे.
"कसं होतं?" पहिल्यांदाच मी विचारलं.
"मुद्रणदोष फार आहेत," म्हणाल्या,
पण हात पुस्तकावरून उचलेनात.

दुपारी पान न् पान पाहिलं. कोरं.
फक्त सत्त्याहत्तरवर,
जिथे नऊ नंबरच्या वॉर्डात नर्स एका पोरीला सांगते
बाळ झोपलंय, उद्या दाखवते,
तिथला समास खरखरीत, पातळ.
आधीच खोडलेला.
मी वरून खाली खोडतो. हे गोल गोल होतं,
कागद फाटायला आलेला.

ट्यूबलाइटसमोर धरलं तर दाब दिसत होता.
शिसं आडवं धरून हलकेच फिरवलं असतं
तर अक्षरं वर आली असती. पेन्सिल हातात होती.
तेवढ्यात कोणीतरी पाककृतींचं पुस्तक मागायला आलं,
ते शोधून दिलं, पावती फाडली.

मग शिक्का मारून नर्सबाईंना कपाटात लावलं,
आत्मचरित्रं, खालचा कप्पा.
नटाच्या शेजारी.
दुसरीकडे जागा नव्हती.