कोरडे आहेत

दर रविवारी ओद्गेईरचा फोन येतो,
उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटावरून.
वारा एवढा, की भावाचे अर्धे शब्द तिथेच पडतात.
पोचतात ते असे :
जव कसे आहेत?

मी माळ्यावर जाते.
दोन पिंपं, भिंतीपासून हातभर लांब,
खाली फळ्या, कारण ऑक्टोबर लागला
की दगडांना फ्योर्डचा घाम सुटतो.
एक डबाही होता, हेरिंगचा. सात वेळा घासला,
तरी त्याने हुंगून परत केला.

मोड आणून, आल्डरच्या धुरावर सुकवलेले
सप्टेंबरचे दाणे. अख्खेच.
भरडायचे ते बिअर करायच्या आदल्या दिवशी.
आधी भरडले तर वास जातो,
न सांगता उठून गेलेल्या पाहुण्यासारखा.

एक दाणा दाढेखाली धरते.
कुर्र झालं तर ठीक,
नुसताच दबला तर सादळला.
डाव्या दाढेखाली. उजवी गेल्या वर्षी काढली,
हे त्याला ठाऊक नाही. विचारायला हवं ना कुणी.

कुर्र.

कोरडे आहेत, मी सांगते.
टोके? नाहीत. उंदीर? एक होता.
छान, म्हणतो. मग नुसता वारा.

नाताळाला येईन, हे मागच्या वर्षीही म्हणाला होता.
ते जव मी मार्चमध्ये कोंबड्यांना घातले.
आठवडाभर अंड्यांना धुराचा वास यायचा,
किंवा मलाच.

झाकण लावते. ते नीट बसत नाही,
म्हणून वर मीच बसते थोडा वेळ.